‘असू दे’चे वजन

मराठीत ‘कॅराव्हॅन’ हा शब्द अलीकडे ज्या वाहनासाठी वापरला जातो, म्हणजे आत पलंग, ओटा आणि शौचालय असलेली व स्वतःच्या इंजिनावर चालणारी बसवजा गाडी, जिच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली स्वतंत्र पर्यटन धोरणही जाहीर केले, ती ब्रिटिश माणसाच्या लेखी कॅराव्हॅन नव्हेच. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन म्हणजे बिनइंजिनाची, पांढुरक्या रंगाची, चाकांवर उभी असलेली एक लांबट खोली, जी मोटारीमागे जुंपून समुद्रकिनारी किंवा डोंगराच्या पायथ्याशी ओढत न्यायची असते आणि तेथे पोहोचल्यावर जिच्यात बसून पाऊस थांबण्याची वाट पाहायची असते. शब्द मूळचा फारसी. इंग्रजांनी तो आपलासा केला आणि एकोणिसाव्या शतकात त्याचे डोके छाटून ‘व्हॅन’ असा शेपटाकडचा तुकडा वेगळा वापरायला घेतला. त्यामुळे डोंबिवलीत भल्या सकाळी दारात हॉर्न वाजवणारी शाळेची व्हॅन आणि वाळवंटातून मसाले वाहून नेणारा उंटांचा काफिला ही दोन्ही शब्दकुळाने सख्खी भावंडे ठरतात, आणि दोहोंत किती जीव कोंबले जातात हे पाहता हे नाते केवळ भाषिक नसावे असे वाटते.

अशा फिरत्या घरासाठी ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत तयारच आहे, आणि ती निसर्गाला धरूनही आहे, कारण विंचवाची मादी नवजात पिल्लांना, ती पहिली कात टाकीपर्यंत, खरोखरच पाठीवर वागवते. परंतु बारकाईने पाहिल्यास विंचवाच्या बिऱ्हाडात केवळ पिल्ले असतात. त्यात घडीच्या सहा खुर्च्या नसतात, दोन किटल्या नसतात, आणि पाऊस पडलाच तर म्हणून घेतलेला मोनोपॉलीचा खोका तर नसतोच नसतो. विंचू आणि ब्रिटिश कुटुंब यांच्यातील नेमका हाच फरक येथे अभ्यासाचा विषय आहे.

ब्रिटनमधील या घरगाडीची पूर्वज म्हणजे रोमानी लोकांची घोड्याने ओढायची लाकडी गाडी, जिला ते ‘वार्डो’ म्हणतात. रोमानी लोक, ज्यांना इंग्रज जुन्या सवयीने जिप्सी म्हणत आले, मूळचे भारतीय उपखंडातले आहेत हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालेले आहे. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, मिठाला ‘लोन’ आणि सुरीला ‘चुरी’, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात मराठी माणूस उपाशी राहण्याची भीती नाही. मात्र या लोकांच्या बांधाबांधीविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही, आणि त्याचे कारण महत्त्वाचे आहे: ज्याचे घर एकच आणि तेही चाकांवर, त्याला बांधाबांध करावीच लागत नाही. काय न्यावे आणि काय ठेवावे हा पेच फक्त त्यालाच पडतो ज्याचे दुसरे घर जागच्या जागी राहणार असते, आणि ज्याला दोन आठवडे त्या घराचे तोंड पाहायचे नसते पण त्या घरातली एकही वस्तू नजरेआड झालेली खपत नसते.

अशी दोन घरे असलेला पहिला गाजलेला गृहस्थ म्हणजे विल्यम गॉर्डन स्टेबल्स, ब्रिटिश नौदलात डॉक्टरकी केलेले आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहून नाव मिळवलेले लेखक. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टलमधल्या, रेल्वेचे डबे बांधणाऱ्या एका कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची घरगाडी खास बांधून घेतली आणि तीतून बर्कशरमधल्या ट्वायफर्ड गावाहून थेट स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला. निव्वळ हौसेसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून तिचा उल्लेख होतो. गाडीचे वजन सुमारे दोन टन. ती ओढायला दोन घोडे. घोडे हाकायला गाडीवान. डॉक्टरांची बडदास्त ठेवायला सेवक. आणि सेवकाला तीनचाकी सायकल, जिच्यावरून तो अरुंद वाटांवर पुढे जाऊन समोरून येणाऱ्यांना या चालत्या वाड्याची वर्दी देत असे. सामानात एक छोटीशी हार्मोनियम होती, व्हायोलिन होते आणि नौदलाची तलवारही होती. स्कॉटलंडच्या डोंगरात तलवारीचा काय उपयोग झाला असेल, असा प्रश्न विचारणाऱ्याने कॅराव्हॅनच्या बांधाबांधीचे पहिले तत्त्व ध्यानात घेतलेले नाही, कारण तेथे वस्तू उपयोगासाठी नेली जात नाही. ती नेली नाही तर नेमकी तिचीच गरज पडेल, या भयाने नेली जाते.

याच्या अगदी उलट टोकाला टॉमस हायरम होल्डिंग हा शिंपी उभा आहे. लहानपणी, १८५३ साली, आईवडिलांबरोबर अमेरिकेच्या गवताळ माळरानातून वॅगनांच्या मोठ्या तांड्याबरोबर प्रवास करण्याचा योग त्याला आला होता, आणि त्या तांड्याने काय काय ओढत नेले हे पाहूनच की काय, मोठेपणी त्याने हलकेपणाचा ध्यास घेतला. सायकलवर बांधता येईल इतका हलका रेशमी तंबू त्याने केला, सामानातल्या प्रत्येक चिजेचा भार औंसांत मोजला, आणि १९०१ साली सायकलवरून मुक्कामाला जाणाऱ्यांची एक संघटना काढली. नशिबाचा भाग असा की त्याच संघटनेच्या आजच्या वारस संस्थेच्या नावात तंबूबरोबर कॅराव्हॅनही आली आहे, म्हणजे औंस मोजणाऱ्या शिंप्याच्या अंगणात अखेर हार्मोनियमवाल्या डॉक्टरांचीच गाडी येऊन उभी राहिली.

बांधाबांधीच्या शास्त्रात या दोघांच्या नावाने दोन पंथ मानावेत असे सुचवावेसे वाटते: सगळे घ्यावे असे मानणारा तो स्टेबल्स पंथ, आणि काहीच घेऊ नये असे मानणारा तो होल्डिंग पंथ. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की कुटुंबातील काही माणसे पहिल्या पंथाची असतात आणि काही दुसऱ्या. परंतु कोणत्याही कॅराव्हॅनधारक कुटुंबाचे जुलै महिन्यात, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी निरीक्षण केल्यास हा समज टिकत नाही. प्रत्येक माणूस एकाच वेळी दोन्ही पंथांचा अनुयायी असतो. स्वतःच्या सामानाबाबत तो कट्टर स्टेबल्सवादी असतो आणि दुसऱ्याच्या सामानाबाबत तितकाच कट्टर होल्डिंगवादी. वडिलांना मुलीचा केस वाळवण्याचा यंत्रगोळा जड वाटतो, परंतु लाकडी मोगरी, रबरी मोगरी आणि या दोन्ही हरवल्या तर म्हणून घेतलेला लोखंडी हातोडा यांना मुळी वजनच नाही असे त्यांचे प्रामाणिक मत असते. मुलीला हातोड्यांची ही तीन पिढ्यांची वंशावळ हास्यास्पद वाटते, परंतु चार जोडी बूट ही तिच्या मते माणसाची किमान गरज असते.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा राहिला असता तर शास्त्राला त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. पण कॅराव्हॅनच्या बाबतीत त्याला आकड्याची धार आहे. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीचे जे वजन असते ते एक, आणि सामान भरून ती जास्तीत जास्त जेवढी जड होऊ शकते ते दुसरे. या दोहोंच्या वजाबाकीला ‘पेलोड’ म्हणतात, म्हणजेच गृहस्थाने आपल्या हौसेने भरायचा भार. चार माणसांच्या पुष्कळशा कॅराव्हॅनमध्ये हा आकडा १५० किलोच्या आगेमागे असतो. किमान पेलोड किती असावा याचे युरोपीय मानकात रूढ झालेले सूत्र मननीय आहे: जितक्या माणसांची झोपायची सोय, तितके वेळा १० किलो, गाडीचा सांगाडा जितके मीटर लांब, तितके वेळा १० किलो, आणि वर सरसकट ३० किलो. म्हणजे चार माणसे आणि ६ मीटर लांबी असल्यास १३० किलो. या हिशेबात एक जिवंत माणूस आणि एक मीटर भिंत यांना सारखेच मोल मिळालेले पाहून भावनाप्रधान वाचक खंतावेल, पण भिंतीचा स्वभाव समंजस असल्याने तिच्या वाट्याचे ६० किलो अखेर माणसेच आपसात वाटून घेतात.

दीडशे किलो हा आकडा प्रथम ऐकणाऱ्याला भरघोस वाटतो. त्यातून कॅराव्हॅनमधले दिवे आणि पाण्याचा पंप चालवणारी बॅटरी वजा होते, जी एकटीच वीसेक किलो भरते. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी वजा होते. गाडीला हाताने ढकलावे लागू नये म्हणून चाकांजवळ बसवलेली छोटी मोटार असल्यास तिचे तीसेक किलो जातात. मग येते ‘ऑनिंग’, म्हणजे कॅराव्हॅनच्या अंगाला जोडून उभारायची कापडी पडवी, जी घराबाहेर पडलेल्या माणसाला आणखी एक खोली मिळवून देते, आणि जी तिच्या दांड्या, खुंट्या व दोऱ्यांसह आणखी वीसेक किलो खाते. पिण्याच्या पाण्याचा पिंप, जो जमिनीवरून लोळवत नळापर्यंत न्यायचा असतो, ४० लिटरचा असल्याने भरलेला नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शौचालयाखाली जी बंद पेटी असते तिला ‘कॅसेट’ म्हणतात. या शब्दाने ज्यांच्या मनात नाट्यसंगीत वाजू लागते त्यांनी ती पेटी रिकामी करण्याची पाळी आपल्यावर येईपर्यंत तो आनंद उपभोगावा. या सर्वांचा हिशेब मांडला की शेवटी माणशी पंधराएक किलो उरतात, म्हणजे भारतातल्या बहुतेक देशांतर्गत विमानांत प्रवाशाला जितके सामान नेऊ देतात तितके. फरक इतकाच की विमानप्रवाशाला त्या पंधरा किलोंत आपली गादी, पांघरूण, तवा आणि चमचे धरावे लागत नाहीत.

येथे बांधाबांधीच्या मानसशास्त्रातील मध्यवर्ती संकल्पनेकडे वळले पाहिजे. मराठीत तिला ‘असू दे’ म्हणतात. इंग्रजीतही याच अर्थाचा तीन शब्दांचा वाक्प्रयोग आहे, परंतु त्यात संकटाची काहीतरी कल्पना करावी लागते, कोणत्या प्रसंगासाठी ही वस्तू घेतली हे विचारल्यास उत्तर देता येईल इतपत तरी. मराठी ‘असू दे’ त्या पायरीच्या पुढे गेलेले आहे, कारण त्यात प्रसंगाचा उल्लेख नाही, कारण नाही, कर्ताही जवळजवळ नाही. वस्तूला असण्याचा हक्क आहे आणि तो आपण नाकारणारे कोण, एवढाच त्याचा उदार आशय आहे. ‘असू दे’ या शब्दांनी गाडीत शिरलेली वस्तू कोणत्याही युक्तिवादाने बाहेर काढता येत नाही, कारण ती युक्तिवादाने आत आलेलीच नसते.

या संकल्पनेच्या जोडीला एक सिद्ध करून दाखवण्याची रीतही आहे, जी सर्व देशांत सारखीच आढळते. वस्तू जड आहे असा आक्षेप आला की वस्तूचा धनी ती एका हाताने, शक्य तर दोन बोटांनी, उचलून दाखवतो आणि चेहऱ्यावर ती मुद्दाम सहजता आणतो जी व्यायामशाळेतल्या नवख्यांना फार जमते. हा पुरावा निर्णायक मानला जातो. तर्कशास्त्रात ढिगाचा म्हणून एक प्राचीन ग्रीक कूटप्रश्न आहे: वाळूचा एक कण म्हणजे ढीग नव्हे, त्यात आणखी एक कण घातल्याने ढीग होत नाही, तर मग ढीग होतो तरी केव्हा? कॅराव्हॅनच्या संदर्भात याचे उत्तर फार पूर्वी मिळालेले आहे. ढीग निघण्याच्या दिवशी सकाळी होतो, आणि तो नेहमी दुसऱ्याच्या वस्तूंचा असतो.

डबाबंद अन्नाचा प्रश्न स्वतंत्र प्रबंधाचा आहे. येथे त्याला ओझरता स्पर्श पुरे. टोमॅटोच्या रसातल्या चवळीवजा दाण्यांचा, ज्याला ब्रिटिश माणूस ‘बेक्ड बीन्स’ म्हणतो, एक डबा ४१५ ग्रॅमचा मिळतो. असे २४ डबे पलंगाखालच्या कप्प्यात गेले की पत्र्याचे वजन सोडूनही जवळपास १० किलो संपतात. हे डबे कॉर्नवॉलला नेले जातात, जेथे दुकाने आहेत, आणि त्या दुकानांत हेच डबे आहेत. महाराष्ट्रातला वाचक यावर हसणार नाही, कारण चारधाम यात्रेला निघालेल्या बसमध्ये चिवड्याचे, लाडवांचे आणि दाण्याच्या कुटाचे जे डबे चढतात तेही हिमालयात अन्न पिकत नाही या गृहीतकावरच. डबा हा पोटासाठी नसतोच. परमुलखात आपली म्हणता येईल अशी एक तरी गोष्ट हाताशी असावी, यासाठी तो असतो.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या हाती कॅराव्हॅन आली की या शास्त्रात काही नवे पेच उत्पन्न होतात. सर्वमान्य नियम असा की जड वस्तू तळाशी, चाकांच्या आसाजवळ ठेवाव्यात आणि छताजवळच्या कप्प्यांत फक्त हलक्या वस्तू असाव्यात, जेणेकरून वळणावर गाडी डोलू नये. या नियमाने पोळपाट खाली जातो आणि लाटणे वर, आणि जे जोडपे मराठी स्वयंपाकघरात जन्मभर वेगळे झाले नाही त्याची ताटातूट होते. मिसळणाचा डबा वजनाने वरच्या कप्प्यातला, परंतु स्वभावाने खालचा, कारण खड्ड्यातून गाडी गेली आणि त्याचे झाकण उघडले तर फिकट रंगाच्या बैठकींवर हळद जी सही करते ती गाडी विकायला काढीपर्यंत पुसली जात नाही. राहता राहिला प्रेशर कुकर. तीन किलोंच्या या भांड्याविषयी कोणत्याही मार्गदर्शकात एक शब्दही नाही, परंतु शेजारच्या कॅराव्हॅनपासून आगीच्या भीतीने राखायचे अंतर ६ मीटर असल्याने, आणि शिट्टीला त्या सहा मीटरांची कसलीच अडचण नसल्याने, वरणाची पहिली शिट्टी होताच चहूकडच्या खिडक्यांचे पडदे एकाच वेळी बाजूला होतात. कुकर घरी ठेवावा असे म्हणणारा होल्डिंगवादी याही कुटुंबात असतो. तो भाताला बसल्यावर दुसऱ्यांदा वरण मागून घेतो.

एकूण वजन मर्यादेत बसले म्हणजे झाले, असेही नाही. ते कोठे बसले याला अधिक महत्त्व आहे. कॅराव्हॅनचे तोंड मोटारीच्या मागच्या ५० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्यावर टेकते, आणि त्या गोळ्यावर जो दाब पडतो त्याला नाकाचे वजन म्हणतात. हे नाकाचे वजन भरलेल्या गाडीच्या पाच ते सात टक्के असावे, म्हणजे १,४०० किलोंच्या गाडीला ७० ते ९८ किलो, असा संकेत आहे. ते कमी पडले, म्हणजे सामान मागे फार झाले, तर वेगात गाडीचे शेपूट डावीउजवीकडे झुलू लागते आणि मोटारीलाही सोबत झुलवते. बाथ विद्यापीठातील अभियंत्यांनी या झुलण्याचा रीतसर अभ्यास केलेला आहे. महाराष्ट्रातल्या गाडीवानाला हे विद्यापीठावाचून माहीत होते. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले आणि जू वर उचलले जाऊ लागले की गाडी ‘उलाळ’ झाली असे तो म्हणतो आणि एखाद्या माणसाला पुढे सरकून बसायला सांगतो. ब्रिटिश गृहस्थाला हा मार्ग बंद आहे, कारण ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये प्रवासात माणसे बसवता येत नाहीत. त्यामुळे त्याला माणसाऐवजी बीन्सचे डबे पुढे सरकवावे लागतात. नाकाचे वजन मोजायला खास साधन मिळते, पण न्हाणीघरातला वजनकाटा आणि लाकडाचा एक ठोकळा एवढ्यावरही ते काम भागते, आणि वर्षभर जो काटा घरातल्या माणसांविषयी अप्रिय सत्ये सांगत आला त्याच्यावर गाडीचे नाक टेकवताना गृहस्थाच्या मुद्रेवर सूडाचे समाधान दिसते.

रस्त्याचे कायदे त्या मानाने सोपे आहेत. कॅराव्हॅन ओढताना मोटरवेवर ताशी ६० मैल आणि दुभाजक नसलेल्या साध्या मुक्त रस्त्यावर ५० मैल ही कमाल मर्यादा, आणि तीन किंवा अधिक पदर असलेल्या मोटरवेवर सर्वांत उजव्या पदरात शिरण्यास मज्जाव. परिणामी कॉर्नवॉलकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर प्रत्येक कॅराव्हॅनच्या मागे मोटारींची जी शिस्तबद्ध रांग लागते तिच्यामुळे काफिला हा शब्दाचा मूळ अर्थ दर उन्हाळ्यात पुन्हा खरा होतो.

भरलेल्या गाडीचे खरे वजन कळण्याचा एकमेव निर्विवाद मार्ग म्हणजे सार्वजनिक वजनकाटा, ज्यावर एरवी वाळूचे आणि भंगाराचे ट्रक चढतात. काट्याशी महाराष्ट्राचे नाते जुने आणि कडवट आहे. साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी काट्यावर चढवताना शेतकऱ्याच्या मनात एकच धास्ती असते, ती म्हणजे ‘काटा मारला’ जाण्याची, वजन कमी दाखवले जाण्याची. कॅराव्हॅनचा मालक हा बहुधा काट्यावर चढणारा एकमेव मनुष्य असावा जो काटा मारला जावा म्हणून मनोमन प्रार्थना करतो. ही प्रार्थना सहसा फळत नाही. आकडा मर्यादेच्या वर निघतो, आणि वर निघालेल्या गाडीने रस्त्यावर येणे हा गुन्हा असल्याने, तेथेच, काट्यापलीकडच्या मोकळ्या जागेत, ढगाळ आभाळाखाली कुटुंबाची जी सभा भरते तिची बरोबरी विधिमंडळाच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाशीच होऊ शकते. प्रत्येक सदस्य दुसऱ्याच्या खात्यावर कपात सुचवतो. आपले खाते मुळातच तुटीत आहे असे प्रत्येकाचे म्हणणे असते. शेवटी जी कपात मंजूर होते ती अनुपस्थित सदस्याच्या वस्तूवर पडते, म्हणजे जी आजी यंदा आलेली नाही तिने दिलेल्या जाड रजईवर, किंवा जो मतदान करू शकत नाही त्या कुत्र्याच्या बिछान्यावर. रजई मोटारीच्या डिकीत हलवली जाते आणि गाडी पुन्हा काट्यावर चढते. मोटारीलाही वजनाची मर्यादा असते, हा विषय त्या क्षणी कोणी काढत नाही.

मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर पाणसळ लावून गाडी समपातळीत आणली जाते, कोपऱ्यांचे चार पाय खाली सोडले जातात, विजेची २५ मीटर लांब केबल निळ्या खोबणीत खोचली जाते आणि किटली चढते. याच सुमारास, बीन्सचा पहिला डबा ओट्यावर ठेवल्यानंतर, सर्वांना एकदम आठवते की डबे उघडायचे ओपनर आलेलेच नाही. बांधाबांधीच्या शास्त्रातील ही घटना इतकी नियमित आहे की तिला योगायोग म्हणणे धाडसाचे ठरेल. विसरते ती वस्तू नेहमी लहान, हलकी आणि अत्यावश्यक असते, कारण वाद फक्त जड आणि निरुपयोगी वस्तूंवर होतात आणि जिच्यावर वाद झाला नाही ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. हातोड्यांवर तीन दिवस चर्चा झाली, म्हणून तिन्ही हातोडे हजर असतात. ओपनर बिनविरोध होते, म्हणून ते स्वयंपाकघराच्या खणात राहिले. मुक्कामाच्या जागेवरच्या छोट्या दुकानदाराला ही मानवी दुर्बलता ठाऊक असते, आणि गल्ल्याशेजारी, काडेपेट्या आणि गाडीच्या पायांखाली घालायच्या ठोकळ्यांच्या मध्ये, ओपनर टांगलेली दिसतात.

परतीचे वजन हा विषय दुर्लक्षित राहिलेला आहे, तो का, हे समजणे कठीण नाही. दोन आठवडे अन्न खाल्ल्यावर गाडी हलकी व्हावी असे भौतिकशास्त्र सांगते. प्रत्यक्षात पावसात भिजलेली ऑनिंग वाळायला वेळ न देता गुंडाळली जाते आणि कितीतरी लिटर पाणी पोटात घेऊन घरी येते, तिच्यासोबत मुलाने वेचलेले समुद्रकाठचे गोटे येतात, जे आकाराने सारखे असूनही त्याच्या मते प्रत्येकी वेगळे असतात, आणि स्थानिक मुरंब्याच्या सहा बाटल्या येतात. ऑनिंग घरी जिन्याच्या कठड्यावर वाळत घातली जाते आणि आठवडाभर वरच्या मजल्यावर जाणाऱ्याला तिच्याखालून वाकून जावे लागते.

गाडी मात्र पूर्ण रिकामी होत नाही. सप्टेंबरात ती आवारात किंवा भाड्याच्या जागेत उभी करताना, हे पुढच्या वर्षी लागणारच आहे, मग घरात न्यायचे आणि पुन्हा आणायचे कशाला, असा विचार प्रत्येकाला सुचतो, आणि ‘असू दे’ या शब्दांचा दुसरा, अधिक गंभीर उपयोग येथे सुरू होतो. मोनोपॉली राहते, दोन रबरी बूट राहतात (दोन्ही डाव्या पायाचे), मोगरी राहते, गोटे राहतात. पुढच्या जुलैत हिशेब मांडला जातो तेव्हा बांधाबांध सुरू होण्याआधीच पेलोडातले वीस-पंचवीस किलो संपलेले असतात आणि ते कोणाचे हे कोणी सांगू शकत नाही. त्या वेळी चमच्यांच्या खणात मागच्या तीन उन्हाळ्यांची तीन ओपनर सापडतात. त्यांतली दोन तरी घरात न्यावीत अशी सूचना येताच कोणीतरी तिन्ही एकदम दोन बोटांत धरून उचलून दाखवते.